पाकिटातली लाह

होळी होऊन आठ दिवस झाले होते. दुपारी वारा उठला, गारा पडल्या आणि माझ्या भावाच्या, नवलसिंगच्या घराचं आढं मधोमध मोडलं. कौलं घसरून अंगणात आली. नवलसिंग आणि त्याची बायको रेवाबाई तेव्हा माझ्याच ओट्यावर मोहाची फुलं निवडत बसली होती, म्हणून वाचली. आवाज आला तसा नवलसिंग उठला, जाऊन पाहून आला आणि म्हणाला, “कोंबड्या बऱ्या आहेत.”

“आणि घर?” रेवाबाईने विचारलं.

“घराचं काय विचारतेस. ते बसलंय खाली.”

ते आढं आमच्या बापाने चढवलं तेव्हा मी दहा-अकरा वर्षांची होते. सागाचं एकच लांब लाकूड, वीस माणसांशिवाय हलेना. बापाजवळ देण्यासारखं काही नव्हतं. त्याने लाह बोलावली. आमच्या डोंगरात अजूनही लाह तशीच होते. ज्याचं काम त्याने घरोघर जाऊन हाक द्यायची, लोकांनी आपापलं हत्यार घेऊन यायचं, काम उरकायचं, पोटभर जेवायचं आणि घरी जायचं. मजुरी नाही. उद्या त्यांच्याकडे काम निघालं की आपण जायचं.

त्या दिवशी चाळीस माणसं आली आणि आमच्या टोपलीत पीठ पंधरा माणसांपुरतं. माझी याहा, आमच्याकडे आईला याहा म्हणतात, चुलीपुढे नुसती बसून राहिली होती. पण येणारी प्रत्येक बाई आत यायची, याहाच्या पाठीमागून टोपलीशी वाकायची, पदराची गाठ सोडायची आणि काही न बोलता बाहेर जायची. दुपारपर्यंत टोपली भरली. कोणी किती ओतलं ते याहाला मरेपर्यंत कळलं नाही. मी भाकरी वाहत होते. उडदाची डाळ पातळ होती आणि लोक फार हसत होते, एवढं मला आठवतं.

तेच आढं साठ वर्षं टिकलं आणि एका दुपारी गेलं.

रेवाबाईने दुसऱ्याच दिवशी लाहचा विषय काढला. पावसाच्या आत घर उभं राहायला हवं होतं. बांधावरचा साग उतरवून नवलसिंगने दोन वर्षांपूर्वीच नवं आढं तासून ठेवलं होतं. लोकही ऊसतोडीहून, गुजरातेतून होळीला घरी आलेले होते. पण त्याआधी ईश्वरला फोन लावायचा होता. ईश्वर म्हणजे त्यांचा एकुलता मुलगा, अंकलेश्वरला एका कंपनीत सात वर्षांपासून कामाला आहे. पगार चांगला. बायको आणि लहान मुलगी तिकडेच. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन त्यानेच करवलं, घरात पंखा त्यानेच लावला. मुलगा वाईट नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून कोणी तसं समजेल.

तो शनिवारी आला. मोडलेल्या घरात उभा राहून त्याने वर आभाळाकडे पाहिलं आणि म्हणाला, “आता कौलं नको. पत्रे घालू. चांगले जाड, निळे. दुकानात सांगून आलोय.”

“घाल,” नवलसिंग म्हणाला. “पण आढं चढवायला माणसं लागतील. उद्या हाक देऊन येतो.”

“हाक द्या. पण मी सगळ्यांना दिवसाचा रोज देणार.”

रेवाबाई भाकरी थापत होती, तिचा हात थांबला. “लाहला रोज कोण देतं?”

“मी देतो. याहा, नीट ऐक. लाहला तीस माणसं येणार. म्हणजे तीस घरचं काम आपल्याला फेडायचं. मला वर्षाला सुट्ट्या किती? मी येणार नाही. आबांचा गुडघा गेलाय. मग तीस घरं तू एकटी फेडणार का?”

“फेडेन की.”

“साठीला आलीस. मला कोणाचं ओझं नको. पैसे दिले की विषय संपला, ते मोकळे, आपण मोकळे.” मग माझ्याकडे वळला. मी त्याची फुई, बापाची मोठी बहीण. तीस वर्षं अंगणवाडी चालवली, म्हणून घरात माझं मत विचारतात. “फुई, तूच सांग, यात खोटं काय?”

मला त्यात खोटं काही दिसलं नाही, हे कबूल करते. मी म्हटलं, “बरोबर बोलतोय तो.” रेवाबाईने माझ्याकडे पाहिलं आणि भाकरी तव्यावर जरा जोरातच टाकली.

मंगळवारी सकाळी लोटनचा टेम्पो पत्रे घेऊन वर आला. लोटन खालचा, शहाद्याकडचा, बोलतो अहिराणी. शेवटच्या चढावर टेम्पोने तीनदा मागे जाऊन चौथ्यांदा अंगण गाठलं. लोटन खाली उतरला, कमरेवर हात ठेवून म्हणाला, “भाऊ, हाऊ रस्ता शे का नाला शे? मन्हा टेम्पोनं कंबरडं मोडी गयं.”

“पाणी प्या,” नवलसिंग म्हणाला.

“पानी पेस. पन इतला लोके काब्रं जमेल शेतस? लगीन शे का?”

अंगणात तोवर तीस-बत्तीस माणसं होती. उदेसिंग, पाड्यातला सगळ्यात जाणता, दोर घेऊन आला होता. त्याची बायको रूपलीबाई होती. नेहमी हसणारा सुपडू होता. खालच्या टोकाला एकटी राहणारी नानीबाईसुद्धा घमेलं घेऊन आली होती. कामाला आले आहेत, मजुरी नाही, असं कोणीतरी लोटनला सांगितलं. तो ऐकतच राहिला. “फुकट? मन्हा घरनी भित पडनी व्हती तं सख्खा भाऊ उना नही.”

“तुम्ही हाक दिली होती का?” उदेसिंगने विचारलं.

लोटनने विचार केला. “नही दिन्ही,” म्हणाला.

कौलांचा ढिगारा बायकांनी हातोहात हलवला. पुरुषांनी आढ्याखालच्या खांबांच्या मेढी पुरल्या. उन्हं वर आली तसं आढं उचलायला घेतलं. दोन्ही टोकांना दोर, खाली खांदे, आणि उदेसिंग मधे उभा राहून एकेकाचं नाव घेऊन शिव्या देत होता. शिवी ऐकली की माणूस जोर लावतो, असं त्याचं म्हणणं. लोटन टेम्पोच्या सावलीत बसला होता, पण आढं अर्ध्यावर अडकलं तसा त्याला राहवलं नाही. पळत येऊन त्याने दोर धरला. उदेसिंगने त्यालाही एक शिवी दिली. आढं मेढीच्या खाचेत बसलं तेव्हा लोटन आपल्या सोललेल्या तळव्यांकडे असा पाहत होता, जसं काही बक्षीस मिळालंय.

सकाळी बायका आल्या तेव्हाच मला एक गोष्ट दिसली होती. प्रत्येकीच्या पदराला गाठ होती. पण चूल पेटलेली नव्हती, टोपलीही मांडलेली नव्हती. ईश्वरने अक्कलकुव्याहून पुलाव आणि जिलेबी मागवली होती, सोबत कागदी ताटल्या. पुलाव चांगला होता, जिलेबी तर सुपडूने सात खाल्ल्या. पण बायका पदराच्या गाठी घेऊन आत जायच्या, इकडे तिकडे बघायच्या आणि तशाच बाहेर यायच्या. रूपलीबाईने मला हळूच विचारलं, “टोपली कुठे आहे?” मी म्हटलं, “आज नाही.” ती म्हणाली, “बरं.”

संध्याकाळी उन्हं उतरायच्या आत निळे पत्रे लागले. लोक हातपाय धुऊन निघाले, तसा ईश्वर दारात उभा राहिला. हातात लग्नात आहेराला देतात तसली पाकिटं, वर सोनेरी गणपती. प्रत्येकाच्या हातात एकेक देत गेला. आत पाचशेची नोट. आमच्याकडे रोज अडीचशे चालतो. त्याने मुद्दाम दुप्पट दिला होता. कमी वाटू नये म्हणून.

पहिलं पाकीट उदेसिंगला. त्याने उघडून पाहिलं.

“हे कशाचं?”

“आजच्या दिवसाचं, काका.”

“आज काय होतं?”

ईश्वर हसला. “तुमची मेहनत, काका. घ्या. मला बरं वाटेल.”

उदेसिंगने पाकीट बंडीच्या खिशात ठेवलं आणि दोर गुंडाळायला लागला. गुंडाळलेलाच दोर त्याने सोडून पुन्हा गुंडाळला. बाकीच्यांनीही पाकिटं घेतली. कोण नाही म्हणणार? नानीबाईच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या होत्या, तिला ते पाचशे देवासारखे आले. लोटनला गडबडीत एक पाकीट मिळालं. भाडं वेगळं घेतलं होतं, तरी त्याने हे घेतलं आणि खुशीत गेला. मलाही मिळालं. मी ते धान्याच्या कोठीवर ठेवलं आणि त्याच्याकडे पाहायचं टाळलं. एरवी लाह संपली की लोक आणखी तासभर अंगणात रेंगाळतात, एखादी बाटली निघते, कोणीतरी ढोल काढतो. त्या दिवशी दहा मिनिटांत अंगण रिकामं झालं. ईश्वर म्हणाला, “बघ फुई, किती पटकन आटोपलं.”

दुसऱ्या दिवशी तो कामावर गेला.

पुढच्या आठवड्यात सुपडूने शेताच्या बांधाला लाह काढली. पेरणीआधी दगड रचायचे होते. रेवाबाईला खबर लागली होती. तिने आदल्या संध्याकाळी मागच्या दगडावर कोयता घासला, धार अंगठ्याने पाहिली, पदर कमरेला खोचून अंगणात झाडलोट करत राहिली. सुपडू हाका देत वरून आला. माझ्या अंगणात आला, “फुई, उद्या बांधाला.” मग रेवाबाईच्या कुडापाशी आला. पाऊल जरा हळू पडलं. रेवाबाईने झाडू थांबवला. सुपडूने मान वळवून निळ्या पत्र्यांकडे पाहिलं, खोकला, आणि पुढच्या घरी गेला.

रेवाबाईने कोयता वाशात खोचून ठेवला.

“विसरला असेल,” नवलसिंग म्हणाला.

“सुपडूचा बाप पडवीत मेला तेव्हा मी त्याला पाणी पाजलंय. विसरेल कसा?”

हापशावर बायका तिच्याशी बोलत होत्या, हसत होत्या, रोजच्यासारखा हंडा उचलून देत होत्या. फक्त कोणाच्या कामाची बोलणी निघाली की विषय बदलायचा. तिसऱ्या दिवशी तिला राहवलं नाही. रूपलीबाईचा हंडा भरत होता, तेव्हा रेवाबाईने विचारलं, “माझं काही चुकलं का? मला का हाक नाही?”

रूपलीबाई चांगली बाई आहे, पण तोंडाला पदर लावत नाही. म्हणाली, “तुला हाक दिली तर रोज द्यावा लागेल ना. तुमच्या घरचा रेट पाचशे. आमच्याकडे कुठले पाचशे?”

“मी कधी मागितले?”

“तू नाही मागितले. तुमच्या घराने दिले. दिलं की घ्यावंही लागतं.” मग जरा मवाळ होऊन म्हणाली, “राग नाही गं. तुमचा आमचा हिशेब चुकता झाला, एवढंच.”

रेवाबाई रिकामा हंडा घेऊन घरी आली. पत्र्याखाली पंखा फिरत होता. ती बाहेर माझ्या ओट्यावर येऊन बसली. चार दिवस अशीच. मोहाची फुलं निवडायची आणि खालून दगड आपटण्याचा, माणसं हसण्याचा आवाज येत राहायचा. जेवण अर्धं झालं. ती रडली नाही. रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

शेवटी मीच फोन लावला. ईश्वरला सगळं सांगितलं. पलीकडे मशीनचा आवाज येत होता. तो म्हणाला, “म्हणजे कमी दिले का, फुई? अजून द्यायचे का?”

“मूर्खा,” मी म्हटलं, “पैशाचं नाव काढू नको. रविवारी उदेसिंगच्या कुडाला लिंपण आहे. ये.”

“पण मला कुठे हाक आहे?”

“हाक नसताना आलेल्याला लाहवरून परत पाठवत नाहीत. तुझ्या आजोबांच्या वेळेपासून नाही पाठवलं. बाकी तुझी अक्कल.”

“रविवारी ओव्हरटाइम असतो. दुप्पट मिळतात.”

“मग तिकडे जा,” म्हटलं आणि फोन ठेवला.

शनिवारी संध्याकाळच्या गाडीने तो आला. रेवाबाईने त्याला जेवायला वाढलं. सकाळी एका फडक्यात ज्वारीचं पीठ बांधून त्याच्या हातात दिलं, “रूपलीकडे,” एवढंच म्हणाली आणि आत गेली. स्वतः येणार नव्हती. हाक नव्हती ना. मी त्याच्यासोबत निघाले.

उदेसिंगच्या अंगणात माणसं जमली होती. आम्हाला पाहून बोलणी थांबली. आता या मुलाने फडकं घेऊन सरळ आत जावं, टोपलीत ओतावं आणि बाहेर यावं. मी त्याला रस्त्यात सांगायला हवं होतं. मला वाटलं एवढं तर माहीत असेल. तो अंगणाच्या मधोमध गेला, रूपलीबाईपुढे उभा राहिला, दोन्ही हातांनी फडकं पुढे केलं आणि म्हणाला, “काकी, हे दोन किलो आहे.”

रूपलीबाईने फडक्याकडे पाहिलं. मग नानीबाईला हसू फुटलं. ती हसली तसं सगळं अंगण हसलं. सुपडू तर खाली बसला. रूपलीबाई म्हणाली, “अरे, पाकिटात घालून नाही आणलंस?”

ईश्वर लाल झाला. फडकं हातात तसंच.

“आत टोपली आहे,” ती म्हणाली. “जा. आणि कोणाला दिसू नको.”

“आता तर सगळ्यांना दिसलं,” तो म्हणाला.

“म्हणून तर म्हणते, जा.”

तो ओतून बाहेर आला, तर उदेसिंग दारातच उभा. वरून खालपर्यंत पाहिलं. “शेठ, रोज किती घेणार?”

“जेवण,” ईश्वर म्हणाला.

“जिलेबी नाही आमच्याकडे.”

“चालेल.”

“मग उतर त्यात.” आणि चिखलाच्या खड्ड्याकडे बोट केलं. माती, शेण, भुसा, पाणी, गुडघाभर. हे काम बायका आणि पोरं करतात, जाणत्या पुरुषाला कोणी सांगत नाही. ईश्वरने बूट काढले, पँट वर केली आणि उतरला. सात वर्षांत पायाची सवय गेली होती. चौथ्या पावलाला घसरला आणि बसला. उठला, पुन्हा बसला. बायका त्याला तुडवायचं शिकवत होत्या, टाच आधी, टाच आधी, कंपनीत चालतोस तसं नको. नानीबाईने त्याच्या मनगटाला धरून ताल धरायला लावला. दुपारपर्यंत तो कमरेपर्यंत मातीचा झाला होता आणि घमेली वाहून तळव्यांना फोड आले होते. एकदाही फोन काढला नाही. खिसा चिखलात होता, हेही खरं.

जेवायला ओळीत बसलो. भाकरी, उडदाची डाळ आणि मटण. उदेसिंगच्या ऐपतीत बोकड बसत नाही, म्हणून मला नवल वाटलं. ईश्वरने तीनदा वाढून घेतलं.

“चांगला होता का बोकड?” उदेसिंगने विचारलं.

“फार चांगला, काका.”

“असणारच. तुझाच आहे.”

ईश्वर चावायचा थांबला.

“सतरा पाकिटं शिल्लक होती,” उदेसिंग डाळ वरपत म्हणाला. “ज्यांना गरज होती त्यांनी खर्च केली, त्याचं काही नाही. ही आम्ही परत द्यायला येणार होतो. पण मग तुझ्या आईचं तोंड पाहवलं नसतं. म्हणून आणला बोकड. खाऊन टाकला की कोणाचं ओझं राहत नाही.”

सतरातलं एक माझं होतं. लिंपणाआधीच्या मंगळवारी रूपलीबाईने येऊन ते मागितलं, मी काही न विचारता दिलं. पण त्याचा बोकड होणार हे मलाही माहीत नव्हतं.

ईश्वर खाली पाहून म्हणाला, “काका, मी प्रत्येक लाहला येऊ शकणार नाही. खोटं कसं बोलू? म्हणूनच पैसे दिले होते.”

“कोण म्हणतं प्रत्येक ये? चार वर्षांनी एकदा ये, पण चिखलात उतर. लाह दिवस मोजत नाही.”

“मग पैशाला काही किंमतच नाही का?”

उदेसिंग हसला. “वेडा आहेस का? पत्रे काय लाहने उगवतात? आईचे डोळे तू आणलेस, ते आम्हाला आले असते का आणता? कमव. भरपूर कमव. फक्त जेवायला बसलेल्याच्या हातात बिल देऊ नको.” मग रूपलीबाईकडे वळून म्हणाला, “याला अजून एक भाकर दे. ओव्हरटाइम बुडवून आलाय, ऐकलं मी.”

ढोल निघाला. उन्हं उतरेपर्यंत कोणी घरी गेलं नाही.

ईश्वर घरी आला तेव्हा रेवाबाई अंगणातच होती. तिने त्याच्या मातीने भरलेल्या कपड्यांकडे पाहिलं. त्याचे तळवे उलटे करून फोड पाहिले, आत जाऊन हळद आणि तेल आणलं. लावताना तिने जरा दाबलंच असावं, कारण तो ओरडला. “दोन किलो आहे म्हणालास?” ती म्हणाली. खबर तिच्यापर्यंत आधीच पोचली होती. मायलेक दोघं हसत बसली.

सोमवारी सकाळी तो पहिल्या गाडीने गेला. मी ओट्यावर दात घासत होते. नानीबाई खालून वर चढून आली, धापा टाकत. माझ्या अंगणात न थांबता सरळ निळ्या पत्र्याच्या घरापुढे उभी राहिली.

“रेवाबाई, बुधवारी माझ्या गोठ्याचं छप्पर. येशील का?”

आतून भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग रेवाबाई दारात आली. केस बांधत, जसं काही आत्ताच उठलीय. पहाटेपासून जागी होती, मला माहीत आहे.

“बुधवारी?” ती म्हणाली. “बघते बाई. घरात कामं फार आहेत. जमलं तर येते.”

“बघ मग,” नानीबाई म्हणाली आणि माझ्याकडे वळून मलाही हाक देऊन गेली.

मी चूळ भरली. नानीबाई वळणाआड होते न होते तोच घराच्या मागून आवाज यायला लागला. रेवाबाई दगडावर कोयता घासत होती.